नेम कोणाचा चुकला?

ब्राह्मणाच्या घरी पंचांग असावे, संध्येची पळी-पंचपात्री असावी, फार तर खंडेनवमीस पूजेला काढावयाची एखादी गंजलेली तलवार असावी. परंतु रायफल कशास, असा प्रश्न आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात हा लेख वाचू लागताच उभा राहील. लातूर आणि नांदेड यांच्या मधल्या बालाघाटाच्या पठारावर ज्यांनी शेती केली आहे, त्यांस मात्र तो पडणार नाही. मांस आमच्या घरात कधी शिजले नाही. पण रानडुकरांचा कळप एका रात्रीत एकर-दीड एकर ज्वारी कशी लोळवितो, हे ज्याने सकाळी उठून पाहिले आहे, त्यास राखणीला शस्त्र का लागते हे सांगावे लागत नाही. तथापि आज आम्ही लिहिणार आहो ते शिकारीविषयी नव्हे. लाकडी दस्त्याची एक रायफल नेम चुकवू लागली, त्या चुकीचा माग काढताना काय काय तपासावे लागले, आणि तो माग शेवटी कोणाच्या दारात जाऊन थांबला, एवढीच ही हकीकत आहे.

आमचे गाव अहमदपूर तालुक्यातले. हा तालुका आज लातूर जिल्ह्यात आहे. १९८२ साली तो जिल्हा निर्माण होण्यापूर्वी उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. घराचे कर्ते आमचे चुलते. लहानथोर सारे त्यांस अण्णा म्हणत. गावचे कुळकर्णपण त्यांनी तरुणपणी सांभाळले होते, आणि कीर्द-खतावणीत पैचीही तफावत राहू न देण्याची जी सवय तेव्हा जडली, ती वतन गेल्यावरही सुटली नाही. रायफल त्यांच्या परवान्यावर होती; .३१५ मापाची, विलायती बनावटीची, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता असलेली. इंग्रजी अमदानीत .३०३ हे माप लष्कराचे म्हणून सामान्य परवानेदारास वर्ज्य होते; त्यामुळे साधारण आठ मिलिमीटर मापाची ही .३१५ हिंदुस्थानातील शेतकऱ्यांच्या आणि शिकाऱ्यांच्या हाती आली. पुढे बंगालमधील ईशापूर येथील सरकारी कारखान्यातही, जो १९०४ सालचा आहे, याच मापाच्या रायफली होऊ लागल्या. अण्णांची ख्याती अशी की, त्यांनी एका रात्री दोन काडतुसे उडविली तर दुसऱ्या दिवशी गावात लोक विचारीत, ‘‘अण्णांना बरं नाही काय?’’

१९६९ सालच्या डिसेंबरात शाळू निसवला होता आणि डुकरांनी ओढ्याकडील शेत धरले होते. अण्णा मचाणावर बसले. चांदणे चांगले होते. साठ पावलांवर एक मोठा नर आडवा उभा राहिला. अण्णांनी खांद्याचा नेम धरून चाप ओढला. गोळी खांद्यात न बसता चार-पाच अंगुळे मागे बसली आणि डुक्कर उभ्या पिकात शिरले. जखमी डुकराचा पाठलाग रात्री करू नये हा नियम अण्णांनी पाळला. परंतु पहाटे आमचा सालगडी बैलांना वैरण आणावयास म्हणून त्याच बाजूने गेला आणि पिकात दबा धरून पडलेल्या त्या जनावराने त्याची मांडी फाडली. बैलगाडीत घालून त्यास अहमदपूरच्या दवाखान्यात नेले. जीव वाचला, पाय मात्र जन्माचा लंगडा झाला.

आम्ही त्या वेळी नांदेडला कॉलेजात शिकत होतो आणि सुटीत घरी आलो होतो. वय असे की, आपणास सारे कळते याविषयी तिळमात्र संशय नसावा. त्या संध्याकाळी ढाळजेत चार माणसे बसली असता आम्ही अण्णांस म्हणालो, ‘‘अण्णा, तुमचे डोळे आता गेले. रायफलीला हात लावू नका.’’ अण्णांनी काही उत्तर केले नाही. पेटीतील उरलेली काडतुसे मोजली, वहीत आकडा मांडला, आणि किल्ली आमच्यापुढे ठेवून म्हणाले, ‘‘बरं. आता तूच बघ.’’

म्हातारपण कधीकधी आपले आपण येत नाही. घरची माणसे ते हाताने आणून बसवितात. त्या दिवसापासून अण्णांच्या हातून जे काही होई त्यात आम्हां सर्वांस त्यांचे वय दिसू लागले. तांब्या निसटला तरी वय, वहीत खाडाखोड झाली तरी वय. महिन्या-दोन महिन्यांत त्यांनी शेतावर जाणे सोडले. ज्या गृहस्थाने उभ्या आयुष्यात काठी घेतली नव्हती, तो काठी टेकीत देवळात जाऊ लागला.

आता आमच्या लबाडीची कथा सांगणे प्राप्त आहे. संक्रांतीस पुन्हा घरी आलो तेव्हा रायफल आम्हीच बाहेर काढली आणि माळावर टेकडीच्या पोटाशी कागद लावून पन्नास पावलांवरून दोन गोळ्या झाडल्या. दोन्ही डावीकडे गेल्या. म्हणजे अण्णांचे डोळे नव्हे, रायफलच चुकत होती, हे त्याच क्षणी उघड झाले होते. पण आम्ही मनाशी म्हटले, कोठे तरी आपटून माशी सरकली असेल. गोळी ज्या बाजूस जाते त्या बाजूस पुढची माशी सरकवावी हा नियम ठाऊक होता. त्याप्रमाणे हातोडीचे दोन हलके ठोके मारून ती डावीकडे सरकविली. पुढच्या दोन गोळ्या मध्याजवळ बसल्या. काम झाले असे समजून आम्ही रायफल पुन्हा खुंटीवर टांगली, आणि अण्णांस यातले एक अक्षरही सांगितले नाही. दोन गोळ्यांवरून काय सिद्ध होते, अशी मनाची समजूत घातली. शास्त्रदृष्ट्या ती समजूत खरी होती, आणि म्हणूनच अधिक सोयीची होती.

चैत्रात परत आलो. एकदा खात्री करावी म्हणून पुन्हा कागद लावला, तो गोळ्या उजवीकडे! माशी जागची हललेली नव्हती. हातोडीच्या ओरखड्यांवरून ते स्पष्ट दिसत होते. पौषात डावीकडे जाणारी रायफल चैत्रात उजवीकडे का जावी? आता मात्र आमची घाबरगुंडी उडाली. परवाना खिशात घालून, रायफल गोधडीत गुंडाळून आम्ही तिला नांदेडास नेली. नांदेड हे गुरु गोविंदसिंगांच्या वास्तव्याने आणि १७०८ सालच्या त्यांच्या निर्वाणाने पावन झालेले शीख बांधवांचे क्षेत्र. हुजूर साहेबाच्या तख्तावर दिवाळीच्या सुमारास गोदावरीचे पाणी आणून शस्त्रांना स्नान घालण्याचा विधी आजही होतो. शस्त्रांची जाण असलेली माणसे त्या गावी पिढ्यान् पिढ्या आहेत. तेथील एका वृद्ध परवानाधारक कारागिराने खटका काढून नळीतून खिडकीच्या उजेडाकडे पाहिले. आतील पेचदार चऱ्या स्वच्छ होत्या. नळीचे तोंड, ज्यास किंचित टवका उडाला तरी गोळी वाकडी जाते, तेही शाबूत होते. तो म्हणाला, ‘‘लोखंडाचा काही गुन्हा नाही, बेटा. आधी सांग, लाकडाला कोणी हात लावला होता काय?’’

लावला होता. आम्हीच. १९६९ च्या मे महिन्यात, कोणास न विचारता, रायफल चकचकीत करावी या हौसेने नळी दस्त्यापासून वेगळी करून, नळी ज्या खोबणीत बसते ती खोबण आम्ही काचकागदाने घासली होती. वर्षानुवर्षांच्या तेलाचा काळपट थर निघून लाकूड आतून नवे कोरे दिसू लागले, तेव्हा आम्हांस धन्यता वाटली होती. कारागिरापुढे आम्ही मान हलविली. त्याने रायफल परत गोधडीत गुंडाळून हाती दिली आणि पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन अण्णांस सर्व सांगितले. काचकागद, संक्रांतीच्या गोळ्या, माशीवरचे ठोके, काही लपविले नाही. ते रागावतील अशी अपेक्षा होती. त्यांनी चष्मा लावला, कागद घेतला आणि मोडीत एक यादी लिहिली: काडतूस, स्क्रू, माशी, नळी, दस्ता, नेम धरणारा. स्वतःचे नाव त्यांनी शेवटी लिहिले, पण गाळले नाही. ‘‘जमाखर्चात चूक सापडत नसली,’’ ते म्हणाले, ‘‘म्हणजे एकेक रकाना तपासावा. एका वेळी दोन रकान्यांत दुरुस्ती केली की चूक मिटते, पण कोठे होती ते कधीच कळत नाही. तू माशी ठोकलीस ते हेच केलंस.’’

ज्यांच्या घरी असे हत्यार आहे त्यांच्या उपयोगास यावे म्हणून ती तपासणी क्रमाने सांगतो. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करून घेणे हे सर्वांच्या आधी. मग काडतुसे. आमच्या पेटीत दोन वेगवेगळ्या वर्षांच्या खरेदीची काडतुसे मिसळली होती. दारूचा जोर थोडा कमीजास्त असला की गोळी वरखाली पडते. म्हणून परीक्षा घ्यावयाची ती एकाच डब्यातील काडतुसांनी. जुन्या काडतुसांच्या टोपीतील मसाल्याने नळीत एक प्रकारचा क्षार राहतो, तो हवेतील ओल ओढून घेतो आणि गंज धरवितो. तेलाने तो जात नाही, उकळत्या पाण्याने जातो. अण्णा प्रत्येक वेळी नळीतून कढत पाणी ओतून, ती कोरडी करून मगच तेल देत. आमची नळी निर्दोष राहिली ती त्यामुळे.

नंतर स्क्रू. या जातीच्या रायफलीचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो. एक खांद्याशी लावावयाचा आणि दुसरा नळीखालचा. उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि काल घट्ट असलेला स्क्रू आज सैल होतो. मग प्रत्येक बारासरशी यंत्र लाकडात किंचित मागे सरकते आणि दर वेळी निराळ्या जागी बसते. खाचेत नेमका बसेल असाच पेचकस घ्यावा, आणि स्क्रू घट्ट करावा तो बेताने. अंगातले सारे बळ लावले तर लाकूड चेपते आणि दोष कायमचा होतो. त्यानंतर माशी आणि मागची खाच सैल नाहीत ना, हे पाहावे. आमच्याकडे ही सर्व कलमे बिनचूक निघाली. राहिला दस्ता.

अण्णांनी गतवर्षीच्या पंचांगाचे एक पान फाडले, त्याची दुहेरी घडी केली आणि नळी व दस्ता यांच्या फटीत घालून पुढून मागे ओढले. वैशाख होता, पान कोठेही अडले नाही. दोष नाहीच की काय, अशा विचारात आम्ही असता वाड्याचे दार दुरुस्त करावयास आलेल्या सुतारबुवांनी ते पाहिले. ‘‘मालक,’’ ते म्हणाले, ‘‘ह्ये दार बघा. आता फटीतून मांजर जाईल, अन् आखाडात खांदा लावल्याबिगर उघडत न्हाई. लाकूड वाळलं तरी पाणी पितंयच की.’’

लाकूड ओलीने फुगते ते आडवे. लांबीत जवळजवळ मुळीच नाही. आणि एकीकडून अधिक ओल मिळाली तर ते फुगून वाकते. ढाळजेतील ज्या खुंट्यांवर रायफल टांगलेली असे, तेथे तिची उजवी बाजू मातीच्या भिंतीकडे होती, आणि पावसाळ्यात ती भिंत हातास गार लागे. पूर्वी खोबणीतील तेलाचा थर ती ओल आत जाऊ देत नसे. तो आम्ही घासून टाकला होता. म्हणजे पावसाळ्यात दस्त्याची उजवी कड फुगून नळीस डावीकडे रेटीत होती, वर्ष उलटून लाकूड कोरडे पडले की रेटा सुटत होता, आणि आमची ठोकलेली माशी मात्र तशीच राहून गोळी उजवीकडे नेत होती. सारा हिशेब जुळला. पण अण्णांस तेवढ्याने समाधान नव्हते. ‘‘जुळलेला हिशेब आणि खरा हिशेब यांत फरक असतो. आषाढ येऊ दे. पुरावा मिळेपर्यंत लाकडाला हात लावायचा नाही.’’

१९७० च्या आषाढात पाऊस लागून राहिल्यावर पंचांगाचे पान पुन्हा घातले. डावीकडून ते सुरळीत गेले; उजवीकडे टोकापासून चार अंगुळांवर अडकले आणि फाटले. मग काकूंच्या डबीतील काजळ मागितले. ‘‘डोळ्यांत घालायचं काजळ बंदुकीला कशाला?’’ असे म्हणत त्यांनी ते दिले. नळीच्या खालच्या अंगास काजळाचा पातळ हात देऊन ती दस्त्यात बसविली, स्क्रू आवळले, पुन्हा सोडून नळी उचलली. लाकडावर उजव्या कडेला बोटभर लांबीचा काळा पट्टा उमटला होता. यंत्राच्या मागील बाजूस, जेथे बाराचा धक्का लाकूड झेलते, तेथे एकाच खांद्यावर डाग होता, दुसरा कोरा. काजळाने जे सांगितले ते आमच्या चार महिन्यांच्या तर्कांनी सांगितले नव्हते.

सुतारबुवांनी रंधा घेतला नाही, पटाशी घेतली नाही. फुटक्या काचेच्या तुकड्याने काळा डाग तेवढा खरवडावा, पुन्हा काजळ लावावे, पुन्हा पाहावे, असे श्रावणातले तीन दिवस चालले. पान दोन्हीकडून मोकळे जाऊ लागले आणि दोन्ही खांद्यांवर डाग सारखे उमटू लागले तेव्हा ते थांबले. खोबण बुजविणारे तेल मात्र तेव्हा दिले नाही. ओल्या लाकडास तेल देणे म्हणजे ओल आत कोंडणे होय. दिवाळीनंतर हवा कोरडी पडल्यावर आपल्याच शेतातील जवसाचे तेल उकळून त्याचे चार पातळ हात, एक पुरता वाळल्यावर दुसरा, असे खोबणीत दिले. माशी जुन्या जागी आणली. खुंट्या आतल्या भिंतीवर हलविल्या.

बरोबर एक वर्षाने, डिसेंबरात, माळावर मेज मांडून परीक्षा झाली. वाळूच्या पोत्यावर टेकवावयाचा तो दस्ता, नळी नव्हे. नळी टेकविली तर बाराबरोबर ती उसळते. पहिली गोळी थंड नळीतून जाते ती वेगळी लक्षात ठेवावी. पुढच्या गोळ्या नळी तापत जाईल तशा एकाच दिशेने सरकू लागल्या तर नळी अजून लाकडास कोठे तरी भिडते आहे असे समजावे. गोळ्या कमीत कमी पाच हव्यात. आमच्या पाचही तळहाताखाली झाकतील इतक्या जवळ, काळ्या वर्तुळात बसल्या.

मग अण्णा मेजाशी बसले. यादीतील शेवटचे कलम राहिले होते. त्यांच्याही पाच गोळ्या वर्तुळाभोवतीच पडल्या, पण विस्तार आमच्या दुप्पट होता. त्यांनी कागद जवळ नेऊन, लांब धरून पाहिला. ‘‘उजव्या डोळ्यापुढे धुके आहे,’’ ते म्हणाले. ‘‘वर्षभरापूर्वी किती होते, ते आता कळणार नाही.’’ पुढे त्यांचा मोतीबिंदू काढला. रायफल त्यांनी नंतर हाती घेतली नाही. पण काठी मात्र त्याच दिवशी माळावर विसरून आले, ती परत आणावयास गेले नाहीत. डोळ्यांविषयी आम्ही बोललो त्यात काही अंशी तथ्य होते, हे खरे. परंतु तपासाआधी दिलेला निकाल पुढे खरा ठरला म्हणून न्याय ठरत नाही. आणि ती गोळी चार-पाच अंगुळे मागे गेली त्यात धुक्याचा वाटा किती आणि काचकागदाचा किती, हे सांगण्यास आता कोणतेही काजळ उपयोगी नाही. सालगड्यास आम्ही सर्व सांगितले. तो म्हणाला, ‘‘डुकरानं मारलं, धनी, तुम्ही कशापायी?’’ त्याचे घर आजही आमच्या घराशी जोडलेले आहे. त्याची लंगडी चाल जोवर दिसत होती तोवर आम्हांस त्याचे म्हणणे पटले नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे ते जुने दिवस संपले, आणि ते योग्यच झाले. आज पिकाची नासधूस करणाऱ्या डुकरासही वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी असल्याशिवाय मारता येत नाही, आणि जखमी करून सोडणे हे तेव्हाही पाप होते. न फुगणारे कृत्रिम दस्ते निघाले आहेत. लाकडाच्या खोबणीत राळेचा थर भरून यंत्र पक्के बसविण्याची रीतही कारागिरांत रूढ आहे. तरी जुने लाकडी दस्ते मराठवाड्यातील घरांतून अद्याप आहेत. निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करावे लागते. परत आल्यावर, आणि प्रत्येक पावसाळ्याच्या आरंभी व अखेरीस, आम्ही पंचांगाचे पान फिरवून पाहतो. तेलाने ओल मंदावते, थांबत नाही.

खंडेनवमीस रायफल पाटावर ठेवतात तेव्हा माशीवरचे हातोडीचे दोन ओरखडे अजून दिसतात. ते घासून काढावे असे आमचे चिरंजीव दर वर्षी सुचवितात. आम्ही काचकागद घरात येऊ देत नाही.